आई बसेपर्यंत

दुकानाचं शटर खाली होतं. आतून कुणीतरी ओ देईल या आशेनं आईनं ते बोटांनी वाजवून पाहिलं.

"बंद हाय," ती म्हणाली.

"दिसतंय की."

"भर दिवसा? आन् शनवारी? शनवार म्हंजे धंद्याचा वार!"

शटरवर चिकटवलेली पाटी मी वाचली. शनिवारी दुपारनंतर बंद, रविवारी बंद, सोमवारी सकाळी उघडेल. हे आईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सगळं गाव मीच कुलूप लावून बंद केलं होतं.

"मग ह्यो गाव जेवतो काय?"

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इटलीत, तुरिनला राहत होते, तिथल्या भाषेची आणि मोठ्या दुकानांची मला सवय झाली होती. ही उंब्रियाच्या डोंगरातली कोल्लेवेर्दे नावाची मूठभर घरांची वस्ती होती. तिच्याबाहेर, ऑलिव्हच्या झाडांमधल्या एका शेतघराचा वरचा मजला मी आठवड्यासाठी भाड्यानं घेतला होता. स्वयंपाकघर आपलं, भांडीकुंडी आपली, पाहिजे ते करून खावं. आई आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसून माझ्याकडे आली होती. आम्ही लिंगायत, त्यात आई अंड्याचा वाससुद्धा सहन न करणारी. हॉटेलात राहिलो असतो तर ती आठवडाभर केळ्यांवर जगली असती.

हल्ली ऑफिसातलं कुणी तिकडे जायला निघालं की मला फोन करतं, आणि माझा पहिला सल्ला हाच असतो. घराची किल्ली मिळते शनिवारी दुपारी आणि दुकानं मिटतात त्याच्या आधी, तेव्हा वाटेतच भाजी, दूध, पाव घेऊन जा. आमचं त्या दिवशी भागलं ते आईच्या बॅगेमुळे. तिच्यात कपडे कमी आणि कडक भाकरी जास्त होत्या. सोबत शेंगाचटणी, बेसन, तिखट, हळद. विमानतळावर त्या बॅगेवरून मी तिच्याशी भांडले होते. रविवारी रात्रीपर्यंत आम्ही त्याच भाकऱ्या खाल्ल्या आणि आईनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत राहिली.

पण तिला तिथं नेण्यामागे माझा खरा डाव वेगळाच होता. इचलकरंजीत आमची लिगाडे खानावळ आहे. बाबा गेले तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू, शाळेत होतो. आईनं घराच्या पुढच्या दोन खोल्यांत टेबलं टाकली आणि यंत्रमागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरना, कापडाच्या दलालांना, बाहेरगावच्या मास्तरांना जेवू घालायला सुरुवात केली. आमची शिक्षणं त्याच तव्यावर झाली. आता तिच्या कमरेनं दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहणं कमी करा. शेजारच्या मोबाइलवाल्याला आमची जागा हवी होती. बसू आणि मी, दोघांचं एकमत होतं की आईनं आता खानावळ बंद करावी, जागा द्यावी आणि सुखानं बसून खावं.

आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "शैलूकडनं जाऊन आल्यावर सांगते," एवढंच म्हणाली होती.

"तिला एकदा आराम म्हणजे काय ते कळू दे," निघण्याआधी बसू मला फोनवर म्हणाला होता. "आपोआप हो म्हणेल."

म्हणून डोंगर, म्हणून ऑलिव्हची झाडं, म्हणून ती झाडाखालची आरामखुर्ची. आई त्या खुर्चीत एकदाच बसली आणि लगेच उठली, कारण तिथून तिला स्वयंपाकघराची काच मळकी दिसली.

सोमवारी सकाळी पोचताक्षणी तिनं दुकानात टोमॅटो दाबून पाहायला हात घातला आणि गल्ल्यावरची बाई ओरडली. तिकडे फळं-भाजीला उघडा हात लावायचा नाही. शेजारी प्लास्टिकचे हातमोजे असतात, ते घालायचे, भाजी पिशवीत घालायची, काट्यावर ठेवून तिच्या चित्राचं बटण दाबायचं, येईल ती चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. आईनं मोजे घातले आणि डॉक्टरणीसारखे दोन्ही हात वर धरून उभी राहिली.

"आता टमाटा कच्चा का पिकला मला कसं कळायचं?"

"रंगावरून."

"रंगावरनं जावई निवडत्यात," आई म्हणाली आणि एकेक टोमॅटो नाकाशी नेऊन निवडू लागली. त्याला मात्र त्या बाईची हरकत नव्हती.

डाळी-धान्याच्या फळीपाशी आई एकदम थांबली. एका पारदर्शक पिशवीतले लांबट, तांबूस दाणे तिनं उजेडाकडे धरले.

"शैलू. अगं ही खपली!"

पिशवीवर लिहिलं होतं 'फार्रो'. पण आईचं बरोबर होतं. आमच्याकडे हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला लागतो तो खपली गहू, तोच हा. इतक्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा झाला. तिनं तीन पिशव्या घेतल्या. आम्ही दोघी, राहिलेला आठवडा आणि तीन पिशव्या खपली!

संध्याकाळी त्या घराचा दुसरा धडा मिळाला. यंत्र आहे तर वापरावं म्हणून आईनं कपडे धुवायला लावले. विजेच्या शेगडीवर भात चढवला. मी आंघोळीला गरम पाणी सोडलं. खट्ट आवाज झाला आणि सगळं घर बंद पडलं.

खालच्या मजल्यावर मालकीण राहायची. नाव इव्हाना, वय सत्तरीचं, ठेंगणी, दंडाला पिठाचे डाग. नवरा नेल्लो, उंच आणि मुका वाटावा इतका गप्प. इव्हाना जिना चढून आली, धुण्याचं यंत्र पाहिलं, शेगडी पाहिली, माझे ओले केस पाहिले आणि एक बोट नाचवून म्हणाली, "एका वेळी एक! इथं घराला वीज बेताची येते. सगळं एकदम लावलंत की अशीच जाणार." मग खालच्या कोठारात जाऊन तिनं खटका वर केला.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"एका वेळी एकच काम करायचं."

"हिची खानावळ न्हाई वाटतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर एक निळ्या काठाचा वाडगा होता. त्यात अंडी. बहुधा आम्हाला अंधारात बसवल्याचं इव्हानाला वाईट वाटलं असावं. आईनं पदर नाकाला लावला. मी अंडी तिच्या नजरेआड उकडून खाल्ली आणि वाडगा धुऊन ठेवला.

"खाली देऊन येते," मी म्हणाले.

"रिकामा?"

"मग?"

"लाज हाय का? कुणाच्या घरचं भांडं रिकामं धाडतंय व्हय कोण!"

तो वाडगा शेंगाचटणी घेऊन खाली गेला. दुपारी परत वर आला, आत दुधी भोपळ्याच्या जातीची कोवळी भाजी, फुलांसकट. आईनं फुलांची बेसन लावून भजी केली. वाडगा खाली. संध्याकाळी वाडगा वर, आत घरचा मध. आईनं खपली भिजत घातली. गूळ नव्हता, मिळाली ती तांबडी साखर घातली, इव्हानाचाच मध घातला, बदाम कुटून घातले आणि हुग्गी करून वाडगा काठोकाठ भरला.

"आई, तू इथं आराम करायला आलीस."

"मग काय करतीया? दोन माणसांचा सैपाक म्हंजे काय काम हाय?"

त्या दिवशी बसूचा फोन आला. मी खाली झाडांत जाऊन घेतला.

"काय म्हणते? बसली का जरा?"

"बसते कुठली. इथं तिनं शाखा उघडलीय."

बसू हसला, पण मला खरंच काळजी वाटत होती. रात्री आई कमरेखाली उशी घेऊन झोपायची आणि सकाळी भिंतीला धरून उठायची. दिवस संपत चालले होते आणि माझा डाव उलटाच पडत होता. आरामाची गोडी लागायची तर बाजूलाच राहिली, ती आणखी एका घराला जेवू घालायला लागली होती.

इव्हानानं मला अंगणात गाठलं ते गुरुवारी. हातात तोच वाडगा, रिकामा.

"मुली, तुझ्या आईला एक सांगशील?" तिनं आवाज खाली आणला. "ती गोड लापशी फार चांगली होती. नेल्लोनं तीनदा घेतली. पण तिला म्हणावं, एकदा भांडं रिकामं परत दे! मी म्हातारी बाई. ती भरून पाठवते, मग मला भरून पाठवावं लागतं. काल रात्री मी अंथरुणात विचार करत होते, उद्या आता काय घालू!"

मला हसू आवरेना. "तुमच्याकडेही रिकामं द्यायचं नसतं?"

"कसं देणार? माझी आई कबरीतून उठून येईल!"

मी ते आईला सांगितलं. आई आधी लाजली, मग खूश झाली, मग म्हणाली, "मग आता ह्याच्यातनं सुटायचं कसं?"

सुटकेचा मार्ग इव्हानानंच काढला. आम्ही शनिवारी निघणार होतो. शुक्रवारी दुपारी तिनं दोघींना जेवायला बोलावलं. वाडग्याचा प्रश्नच मिटला. आई काय खात नाही ते मी तिला नीट सांगितलं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, चीज नको. तिनं कमरेवर हात ठेवून विचार केला आणि मान डोलावली. "नुसतं पीठ आणि पाणी. माझी आई करायची. लढाईच्या दिवसांत अंडी कुठे होती?"

शुक्रवारी आईनं इरकल साडी नेसली. आम्ही खाली गेलो तेव्हा इव्हाना ओट्यापाशी उभी राहून पिठाचे गोळे तळव्याखाली वळत होती आणि त्यांच्या लांब, जाड दोऱ्या करत होती.

"हे तर आपल्या हातानं वळलेल्या बोटव्यांचं थोरलं भावंड," आई म्हणाली. पुढच्या क्षणी तिनं बाह्या सावरल्या, हात धुतले आणि इव्हानाच्या शेजारी उभी राहून वळायला लागली. इव्हानानं तिच्या दोऱ्या पाहिल्या, नेल्लोला हाक मारून दाखवल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघींचं बोलणं एकसारखं चाललं होतं. मी दुभाषी म्हणून गेले होते, मला कुणी विचारेना.

दुसऱ्या शेगडीवर टोमॅटो आणि लसूण रटरटत होते. मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. नेल्लोनं टेबलावर चार ताटल्या मांडल्या, पाव कापला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. मलाही खूण केली. मी बसले. इव्हानानं दोऱ्यांचं तबक हातात घेतलं, पातेल्यापाशी गेली आणि वळून पाहिलं.

आई ओट्याला टेकून उभी होती. हातात पळी, पदर खोचलेला.

"बस, बस," इव्हाना हातानं म्हणाली.

"न्हाई, न्हाई. तुमी बसा," आई मराठीत म्हणाली. "मी वाढते. मी मागनं जेवते."

मी ते सांगितलं. इव्हानाच्या कपाळावर आठी पडली.

"मागून? मागून म्हणजे?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"सगळ्यांचं झाल्यावर हा चिकट गोळा होईल. हे शिजलं की लगेच खायचं असतं. टेबलाशी सगळे बसल्याशिवाय मी हे पाण्यात टाकत नसते."

"आई, तू बसल्याशिवाय ती टाकणार नाही म्हणते."

"मग बारा लोक आले तर काय करती?"

मी हेही विचारलं.

"बारा जण बसतील, मग टाकीन," इव्हाना म्हणाली.

आई पळी सोडेना. इव्हाना तबक सोडेना. पाणी नुसतंच उकळत होतं आणि सगळ्या खोलीत वाफ झाली होती. नेल्लोनं पावाचा तुकडा तोडला, बायकोकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. आईला बसणं अवघड जात होतं, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. कमरेमुळे नव्हे. जेवायच्या वेळी आपण कुठल्या खुर्चीत बसायचं असतं, हेच तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. खानावळीत तिचं जेवण दुपार टळून गेल्यावर, भांड्यांच्या ढिगापाशी, एक पाय पाटावर ठेवून उभ्या उभ्या व्हायचं. तळाची आमटी आणि गार भाकरी.

शेवटी नेल्लो उठला. आठवडाभरात मी त्याला एकही वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानं आईच्या हातातली पळी काढून घेतली, खिडकीजवळची खुर्ची मागे ओढली आणि म्हणाला, "बाईसाहेब, मला भूक लागलीय."

मी भाषांतर करायच्या आत आई बसली. खुर्चीच्या कडेवर, कुठल्याही क्षणी उठता येईल अशी. इव्हानानं ताबडतोब दोऱ्या पाण्यात टाकल्या.

पहिली ताटली आईपुढे आली. लाल, लसणाचा वास येणारी, वाफाळती. आई हात मांडीवर ठेवून इतरांची ताटली यायची वाट पाहू लागली. इव्हानानं तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं.

"खा. गरम आहे तोवर खा."

आईनं काटा बाजूला ठेवला आणि हातानं पहिला घास घेतला. चावला. मग तशीच थांबली.

"भाजलं का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "गरम हाय."

मग ती खुर्चीत मागे सरकली, नीट टेकून बसली आणि जेवली. मध्ये एकदाही उठली नाही. इव्हानानं दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा नको म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं पुसलं नाही, कारण एक हात खरकटा होता आणि दुसऱ्या हातात पाव होता. ते बघून माझं पोट जेवणाआधीच भरलं. इतकी सुखी मी त्या संबंध प्रवासात दुसऱ्या कशानं झाले नव्हते.

जेवणानंतर आई स्वतःहून त्या झाडाखालच्या आरामखुर्चीत जाऊन पडली. मला वाटलं, जिंकलो. बसूला कळवायला फोन बाहेर काढला.

"दे हिकडं," आई म्हणाली. "मीच बोलते."

"आई, नीट विचार केलास ना?"

"केला." ती ऑलिव्हच्या झाडांकडे बघत होती. "तुमी दोघं वरीसभर म्हणताय, बंद कर, बंद कर. बस, असं कुणी म्हटलं न्हाई."

मी फोन लावून दिला.

"बसू, ती जागा द्यायची न्हाई," आई म्हणाली.

पलीकडून बसूचा आवाज चढलेला मला ऐकू आला. कंबर, डॉक्टर, वय, सगळं आलं.

"कंबर माझी हाय, मला म्हाईत हाय. भाकरीला बाई ठेव. भांड्याला एक ठेव. आन् ऐक. दुपारची पहिली पंगत बसती न्हवं, त्यात एक ताट माझं लावायचं."

"तुझं?" बसू म्हणाला. "मग वाढणार कोण?"

"तू," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

डोळे मिटून ती तिथंच झोपली. दुपारी झोपलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दिवाळीला मी इचलकरंजीला गेले. भाकरीची बाई सणाला गावी गेली होती, तेव्हा चुलीपाशी मीच बसले. मीठ घातलं, पीठ मळलं, थापली, तव्यावर टाकली. वर्षानुवर्षांची सवय मोडलेली, जमतील तशा करत होते. बसू कमरेला पंचा गुंडाळून ताटं नेत होता. दारातून मला पहिलं टेबल दिसत होतं. एका बाजूला यंत्रमागावरचे दोन जॉबर, समोर एक मास्तर आणि भिंतीकडच्या खुर्चीत, पाठ टेकवून, आई. मास्तर तिला कुठल्याशा लग्नाची हकिकत सांगत होते आणि ती जेवता जेवता ऐकत होती.

तिनं ताटातली भाकरी उचलून उलटी केली, कडेला बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता हाक मारली.

"शैलू! ही कच्ची हाय. दुसरी आण, गरम."